अभयदानाचे खाते

झरी जामणी तालुक्यातील एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीला पुण्याची नातवंडे आली होती. मंदिरात निर्वाणलाडू चढवून झाला, वहीपूजन झाले आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सारे कुटुंब पाटणबोरीमार्गे टिपेश्वर अभयारण्याकडे निघाले. सोबत दशम्या, चटणी आणि गाळलेले पाणी. सूर्यास्तापूर्वी घरी परतून जेवण आटोपायचे, हा आजीचा नियम ठरलेला.

सागाने वेढलेल्या टेकड्या, त्यांतून वाहणारे ओढे आणि टिपाई देवीचे देऊळ. या देवीवरूनच अभयारण्याला नाव मिळाले. सुमारे 148 चौरस किलोमीटरच्या या वनात त्या सकाळी चितळ दिसले, रोही दिसले, ओल्या मातीत वाघाचा ताजा माग दिसला. येथील एक तरुण वाघ 2019 मध्ये सुमारे 1300 किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, हे ऐकून मुले थक्क झाली.

“आमच्या मंदिरात चित्र आहे,” धाकटा नातू म्हणाला, “सिंह आणि गाय एकाच ठिकाणी पाणी पितात.”

गाडीतील मार्गदर्शक तरुण जवळच्याच गावचा. तो हसून म्हणाला, “चित्रातल्या गाईचा मालक दिसत नाही ना, बाळा. आमचा बैल मागच्या हंगामात वाघाने नेला. वाघावर राग नाही. पण जोडी मोडली.”

आजोबा काही बोलले नाहीत. 2021 च्या एप्रिलमध्ये याच तालुक्यातील मुकुटबनच्या जंगलात एक गर्भवती वाघीण गुहेत मारली गेली होती. तिचे पंजे तोडून नेले होते. ती वार्ता ऐकून त्यांनी नवकार मंत्र म्हटला होता, मारणाऱ्यांचा धिक्कार केला होता. त्या क्रौर्याचे समर्थन त्यांना आजही करवत नव्हते. पण एक हिशेब आज प्रथमच त्यांच्या ध्यानी आला. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत अभयदान श्रेष्ठ, असे त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. वाघाला मिळालेल्या अभयाचे पुण्य ते मनोमन आपल्या जमेस धरत आले. रक्कम मात्र रानालगतच्या शेतकऱ्याच्या नावे पडत होती. पंचनामा होतो, सरकारी भरपाईही मिळते. पण ती हाती येईपर्यंत वेचलेला कापूस घरी आणायचा कशाने?

सायंकाळचे जेवण दिवस मावळण्यापूर्वी झाले. दिवा लावून आजोबांनी नवी वही उघडली. जीवदया खात्याच्या पानावर पांजरपोळाची नेहमीची रक्कम आधीच मांडलेली होती. तिच्याखाली त्यांनी दुसरी ओळ लिहिली : वाघाने जनावर नेलेल्या घरास बैलासाठी रक्कम, भरपाई येईपर्यंत, बिनव्याजी.

“पहिले नाव कोणाचे?” मुलाने विचारले.

आजोबांनी जुनी वही मागे चाळली. त्या तरुणाच्या वडिलांचे नाव उचलीच्या पानावर होतेच. बैल गेला त्या महिन्याचे व्याजही तेथे चढवलेले होते. त्यांनी ते व्याज स्वतःच्या हाताने खोडले आणि मगच नव्या पानावर ते नाव लिहिले.