‘एका जनार्दनी’ची गोष्ट

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर

चि. सई हिस,


महाराष्ट्र मंडळाच्या भजनात तू एकनाथ महाराजांचा अभंग म्हणणार, हे ऐकून सगळ्यांना आनंद झाला. शेवटच्या चरणात येणारं ‘एका जनार्दनी’ म्हणजे काय, हे नाथांचंच नाव का, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागलं असतं. पण ही गोष्ट आपल्याच मुलखातली आहे, म्हणून निवांत लिहिते.

अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव गुंफतात, त्याला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’ आलं की तुकोबा, ‘चोखा म्हणे’ आलं की चोखोबा. अभंग तोंडोतोंडी पुढे जायचे. रचना कोणाची, ते या मुद्रेवरून कळायचं. नाथांनी आपल्या नावाशेजारी गुरूंचं नाव ठेवलं. ‘एका’ म्हणजे एकनाथ आणि ‘जनार्दनी’ म्हणजे जनार्दनस्वामींच्या ठायी. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईही स्वतःला नामदेवांची दासी म्हणवतात, तीही याच वळणाची मुद्रा.

हे जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाहीत ते देवगिरीचे किल्लेदार होते आणि दत्ताचे निस्सीम उपासक. त्यांच्याकडे जायचं म्हणून पैठणचा हा मुलगा बाराव्या वर्षी घरून निघाला, असं परंपरा सांगते. आईवडिलांचं छत्र लहानपणीच हरपलेलं. आजोबा चक्रपाणींनी त्याला वाढवलं होतं.

गुलमंडीवरून टिळक पथानं गेलं की पैठण गेट लागतं, ते तुला आठवत असेल. पैठण तिथून पन्नासेक किलोमीटर. दुसऱ्या बाजूला पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला. शिष्याचं गाव एका अंगाला, गुरूंचं ठाणं दुसऱ्या अंगाला आणि मध्ये आपलं शहर. नाथ त्या वाटेनं गेले तेव्हा मात्र हे शहर नव्हतं. मलिक अंबरनं ते खडकी या नावानं वसवलं 1610 मध्ये, नाथांच्या पश्चात.

देवगिरीवर नाथ गुरूंची सेवा करत आणि किल्ल्याचा हिशेबही बघत. एकदा जमाखर्च जुळेना. एका पैचा फरक येत होता. सगळे झोपले, पण नाथ दिवा लावून एकेक रक्कम पुन्हा ताडत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. त्या आवाजानं स्वामी जागे झाले. सगळं ऐकून ते म्हणाले, “एका पैची चूक सापडली तर तुला एवढा आनंद! मग संसारात जी मोठी चूक होते, ती सापडली तर केवढा होईल?” इथल्या पेठेत रोजमेळ जुळेपर्यंत दुकानाचं शटर न ओढणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पुढे स्वामींनी त्यांना अनुग्रह दिला. हाही शब्द तुझ्या कानावर येईल. गुरूंनी शिष्याला आपला म्हणून स्वीकारायचं आणि त्याला साधनेची वाट दाखवायची, तो अनुग्रह. मग खुलताबादजवळच्या शूलिभंजनच्या डोंगरावर नाथांनी तप केलं, असं मानतात. तिथं आज दत्ताचं मंदिर आहे.

त्या रात्रीच्या हिशेबाची सवय नाथांना जन्मभर पुरली. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली पूर्ण झाली. पुढची तीनशे वर्षं ती हातानं उतरवली जात होती. नकलणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले, कोणी पदरच्या ओव्या घुसडल्या. नाथांनी निरनिराळ्या पोथ्या जमवून ताडून पाहिल्या आणि शके 1506, म्हणजे 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली. यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. तोवर त्यांची कीर्ती मोठी होती. एकनाथी भागवत त्यांनी 1573 मध्येच काशीला पूर्ण केलं होतं. एवढा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथातल्या चुका वेचत बसला आणि ग्रंथावर नाव ज्ञानदेवांचंच ठेवलं. ‘जनार्दनी’ म्हणजे काय, ते मला या कामात सगळ्यात स्पष्ट दिसतं. गुरूंनी त्यांना भक्ती दिली, तसं चोख काम करणंही शिकवलं.

आता नाथषष्ठी. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला दिंड्या लोटतात. शके 1521 मध्ये याच तिथीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला, त्याला जलसमाधी म्हणतात. पण या दिवसाला पंचपर्व षष्ठीही म्हणतात. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, त्यांचा नाथांवरचा अनुग्रह, स्वामींची समाधी आणि नाथांची समाधी, अशा पाचही गोष्टी याच तिथीच्या मानतात. म्हणजे नाथांच्या उत्सवात निम्म्याहून अधिक वाटा गुरूंचाच. अष्टमीला काल्याची हंडी फुटते, प्रसाद वाटला जातो आणि उत्सवाची सांगता होते.

बाळ, नाथांची भाषा सोपी आहे, अर्थ तुला आपोआप लागेल. एवढंच सांगते, शेवटचं चरण टाळ्यांच्या घाईत उरकू नकोस. ‘एका’ जितकं स्वच्छ म्हणशील, तितकंच स्वच्छ ‘जनार्दनी’ म्हण. आणि तुला तिकडे गाणं शिकवणाऱ्या बाईंचं नाव कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घे.

तुझी,
आत्या