अंबरनाथचं अंबर

मुलांनो, कल्याण सोडलेली बदलापूर लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर करत अंबरनाथला पोचते. इथे उतरायचं! पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या दगडाचं जुनं शिवमंदिर आहे. भिंतींवरचं कोरीवकाम बघता बघता मान दुखून येते, पण डोळ्यांचं समाधान होत नाही. इथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असं साल आहे. तेव्हा कोकणात शिलाहारांचं राज्य होतं.

गाभारा मात्र खोल. पायऱ्या उतरून जावं लागतं. शिखर अपुरं असल्यामुळे वर पाहिलं की आकाशाचा तुकडा दिसतो. अंबर म्हणजे आकाशच की! निळं, शांत आणि रिकामं. पण ते खरंच रिकामं आहे का?

शिलालेखाच्या सहाच वर्षं आधी, जुलै १०५४ मध्ये, वृषभ राशीत एक नवा तारा झळकला. तो २३ दिवस भर उन्हातही दिसत होता, अशी नोंद चिनी ज्योतिषांनी केली आहे. खरं तर तो नवा नव्हताच. एक मोठा तारा फुटला होता! त्याच्या अवशेषांना क्रॅब तेजोमेघ म्हणतात. त्यातून आजही क्ष-किरण निघतात.

असे तारे आपल्या पोटात ऑक्सिजनसारखी मूलद्रव्यं तयार करतात आणि फुटताना ती अवकाशात उधळून देतात. आसपासचा वायू भयंकर तापतो. त्यातला काही तर दीर्घिकेच्याही बाहेर फेकला जातो. २०१२ साली अमेरिकेत अंजली गुप्ता, स्मिता माथूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या मदतीने एक शोध जाहीर केला. दूरच्या आठ तेजस्वी स्रोतांकडून येणारे काही क्ष-किरण वाटेत ऑक्सिजनने गिळले होते. त्यावरून कळलं, की आपल्या आकाशगंगेभोवती तप्त वायूचं प्रचंड वलय आहे. तापमान किती? दहा ते पंचवीस लाख अंश!

बाप रे! मग आपण भाजत कसे नाही? उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली फुलबाजी आठवा. ठिणगी भलतीच तापलेली असते, पण एवढीशी असल्याने हाताला फारसा चटका बसत नाही. तो वायूही तसाच, अतिशय विरळ. बाटलीभर जागेत जेमतेम एखादा कण!

हा वायू पाहायचा तर क्ष-किरणच हवेत आणि ते आपलं वातावरण अडवतं. बरंच आहे म्हणा, नाहीतर आपली धडगत नव्हती! म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. पण साध्या आरशावर हे किरण समोरून आदळले तर परत फिरत नाहीत. मग? बदलापूरला उल्हास नदीत चपटा दगड तिरका भिरकावून पाहा. तो बुडत नाही, टप्पे घेत पळतो. तसेच क्ष-किरण आरशाला अगदी तिरके घासून जाऊ दिले तर वळतात.

अशा सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशांची एक दुर्बीण आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तयार झाली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ती ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरून अवकाशात गेली. याच उपग्रहावरच्या दुसऱ्या एका उपकरणाने केलेला क्रॅबच्या क्ष-किरणांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

दीर्घिकांच्या मोठ्या समूहांत तर सगळ्या ताऱ्यांच्या मिळून होईल त्याहून कितीतरी जास्त वस्तुमान या तप्त वायूचं असतं. म्हणजे डोळ्यांना दिसतात ते तारे हा हिशेबाचा छोटा भागच! बाकीचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. तुमच्यापैकी कोण लावणार?