कडूपणाची वेळ

काही वस्तूंच्या नावात एखादा देश असतो. त्या देशातील माणसांना मात्र त्या वस्तूचा पत्ताही नसतो. ‘इंडिया पेल एल’ ही बिअर अशा वस्तूंपैकी एक. ती जन्मली इंग्लंडमध्ये आणि पिंपात भरली गेली ती हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी. लंडनच्या पूर्वेकडील बो येथे हॉजसन नावाच्या बिअर-व्यावसायिकाचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे धक्के तेथून जवळ होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची पिंपे या जहाजांतून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून, काही महिन्यांच्या प्रवासाने हिंदुस्थानात पोहोचू लागली. ही बिअर हॉजसनने शोधून काढली अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. वस्तुतः उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉपची फुले अधिक घालावीत, म्हणजे ती लवकर नासत नाही, हे ज्ञान त्याच्या आधीपासून त्या व्यवसायात होते. पुढे १८२२ च्या सुमारास बर्टन-ऑन-ट्रेंट येथील कारखानदार या व्यापारात उतरले. तेथील पाण्यात जिप्समचे प्रमाण मोठे. त्या पाण्यात हॉपचा कडूपणा अधिक स्वच्छ आणि धारदार उमटतो.

या इतिहासाशी लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाचा काही संबंध असण्याचे कारण नाही. परंतु अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहरी, असा एक मराठी अभियंता राहतो, आणि गेली वीसेक वर्षे तो आपल्या घराच्या गॅरेजमध्ये ही बिअर करीत आला आहे. अमेरिकेत घरगुती वापरापुरती बिअर करण्यास केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मुभा मिळाली. शिवाय पोर्टलंडच्या दक्षिणेस विलामेट नदीच्या खोऱ्यात हॉपचे मळेच आहेत. उंच ताणलेल्या दोऱ्यांवर चढलेले ते वेल ऑगस्टच्या अखेरीस तोडणीला येतात. मादी वेलीवरचे हिरवे, खवलेदार फूल चुरडले की आत पिवळी धूळ दिसते. हॉपचे सारे गुण, कडूपणा आणि सुगंध दोन्ही, त्या धुळीत असतात.

मात्र हे दोन गुण एकत्र नांदत नाहीत. कडूपणा देणारी आम्ले पाण्यात सहज विरघळत नाहीत. जवाच्या माल्टचा गोड काढा तासभर खळखळून उकळला की त्यांचे रूप पालटते आणि मगच ती काढ्यात उतरतात. सुगंधी तेलांचा स्वभाव याच्या नेमका उलट. उकळीच्या पहिल्या काही मिनिटांतच ती वाफेबरोबर उडू लागतात. म्हणजे जे फूल लवकर पडते ते कडू होते आणि वास गमावते. जे उशिरा पडते ते वास राखते, पण कडू होत नाही. एकच फूल, एकच वजन. वेळ बदलली की त्याचा स्वभाव बदलतो.

या गृहस्थाने २०१९ च्या उन्हाळ्यात या वेळेचाच प्रयोग मांडला होता. त्याने ‘कॅस्केड’ जातीचे हॉप निवडले. ओरेगॉनमधील संशोधनातून १९७२ मध्ये प्रसृत झालेली ही जात. पुढे अमेरिकन बिअरची चवच तिने बदलून टाकली. एक-एक गॅलनच्या चार बरण्या. माल्ट तेच, यीस्ट तेच, प्रत्येकीत १४ ग्रॅम हॉप. पहिल्या बरणीसाठी हॉप उकळीच्या आरंभी, दुसरीसाठी उकळी संपण्यापूर्वी दहा मिनिटे, तिसरीसाठी आच बंद करून काढा ८० अंशांपर्यंत उतरल्यावर आणि चौथीसाठी आंबण्याची क्रिया जवळजवळ पुरी झाल्यावर थंड बिअरमध्येच. प्रत्येक बरणीचा तपशील तो एका वहीत लिहीत असे. वजन, तापमान, मिनिटे, दिवस असे रकाने त्याने हाताने आखले होते.

त्या उन्हाळ्यात त्याची आई मुंबईहून आली होती. वय पंचाहत्तरच्या पुढे. तिला यातले काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था त्याने केली होती. कारण उघड होते. त्याचे वडील गिरणीकामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप जसजसा लांबत गेला, तसतसे ते हातभट्टीच्या दारूकडे वळले आणि पुन्हा परतले नाहीत. संपानंतर चौथ्या वर्षी ते गेले, तेव्हा मुलगा बारावीत होता. आईने खानावळीचे डबे करून त्याला शिकवले. ज्या घरात दारूने माणूस नेला, त्या घरातला मुलगा दारू करतो, हे तिला सांगण्याची भाषा त्याच्यापाशी नव्हती.

सून तिला घेऊन बाजारात गेली होती. त्या ठरल्यापेक्षा लवकर परतल्या, तेव्हा गॅरेजमध्ये दुसऱ्या बरणीचा काढा उकळत होता. आई दारात उभी राहिली. पातेले, थर्मामीटर, बरण्या, नळ्या तिने सावकाश पाहून घेतल्या.

“हातभट्टीच की रे ही,” ती म्हणाली.

त्याने घाईघाईने खुलासा केला : ही गाळलेली दारू नव्हे, नुसती आंबवलेली, इथे कायद्याने चालते. आईने तो खुलासा ऐकून घेतला, पण त्यावर काही बोलली नाही. वजनकाट्यावरच्या वाटीतल्या हिरव्या गोळ्यांकडे बोट करून तिने हे काय, म्हणून विचारले. त्याने एक गोळी तळहातावर चुरडून तिच्यापुढे धरली.

“पपनशीचा वास येतो,” ती म्हणाली. राजापूरकडच्या तिच्या माहेरी परसात पपनसाचे झाड होते.

या हॉपच्या वासाला सारी पुस्तके ‘ग्रेपफ्रूट’ म्हणतात, आणि तोही इतकी वर्षे तोच शब्द लिहीत आला होता. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्याच संकरातून निपजलेले फळ. आईने नकळत त्या वासाला त्याच्या आजोळी नेऊन पोहोचवले होते. मग त्याने तिला चारही बरण्यांची कल्पना समजावून सांगितली. तिने ती एका वाक्यात आटोपली : “मोहरी आधी, कोथिंबीर शेवटी. त्यात एवढं काय?”

आणि मग, आत जाता जाता, त्याच स्वरात तिने विचारले, “सगळं मोजून टाकतोस. मोजून पितोस का?”

वहीत त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता. त्याच रात्री त्याने तो आखला. पहिल्या आठवड्याचा आकडा चौदा बाटल्यांचा निघाला. तो रोज एखादी बाटली घेतो, असा त्याचा प्रामाणिक समज होता. पाच गॅलनच्या एका खेपेत पन्नासेक बाटल्या होतात. त्या पाहुण्यांत वाटल्या जातात, असेही तो मानत आला होता. पाहुणे कोण होते, हे वही आता सांगू लागली.

आई परतली. शरद ऋतूत चारही बरण्यांची परीक्षा झाली. पहिली कडू होती आणि निर्गंध. दुसरीत कडूपणा निवलेला, वास अंधूक. तिसरी सौम्य आणि सुवासिक. चौथीचा वास सर्वांत मोहक होता, पपनसाचे साल नुकते सोलावे तसा; पण घोट घेतल्यावर ती नुसती गोड आणि पोकळ लागली. तीच दोन आठवडे फुलांवर तशीच ठेवून पाहिल्यावर तिला कापलेल्या गवताचा वास येऊ लागला. नुसत्या सुगंधाला उभे राहण्यासाठी खालचा कडूपणा लागतो, असा निष्कर्ष त्याने वहीत नोंदवला. पुढच्या खेपेला त्याने थोडे हॉप आरंभी, बरेचसे आच बंद झाल्यावर, आणि उरलेले तीन दिवसांपुरते शेवटी घातले. ती बिअर चांगली साधली. वासाच्या रकान्यात त्याने ‘पपनस’ असे लिहिले.

आपल्या भाषेत या चवीच्या शब्दाचा प्रवासही विलक्षण आहे. आयुर्वेदाच्या परिभाषेत ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’वरून आलेला ‘कडू’ शब्द मात्र एका चवीवरून दुसरीवर जाऊन बसला. शब्द हातात राहतो, चव बदलते. या गृहस्थाच्या घरीही दारू हा शब्द तोच राहिला. लालबागला त्याचा एक अर्थ होता, पोर्टलंडला दुसरा, आणि दोहोंमध्ये काही नाते नाही असे तो वीस वर्षे धरून चालला होता. आईने त्याला दोष दिला नाही, वडिलांचे नावही काढले नाही. तिने फक्त एक रकाना मागितला.

आता तो एक गॅलनपेक्षा मोठी खेप करीत नाही. एका खेपेत दहाएक बाटल्या होतात, आणि पुढची खेप सहा आठवड्यांनंतर. प्रयोगासाठीही हे प्रमाण योग्यच : फसले तर थोडक्यात फसते. दर रविवारी तो मुंबईला फोन करतो. पाऊस, गुडघे, शेजारपाजार झाल्यावर आई विचारते, “वही?” आणि तो आकडा सांगतो.

एका रविवारी त्याने आकडा दोनने कमी सांगितला. वहीत पाच होते, तोंडून तीन गेले. आई “बरं” म्हणाली. तो दिवसभर गॅरेजमध्ये गेला नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईत रात्र होण्यापूर्वी त्याने पुन्हा फोन लावला आणि म्हणाला, “आई, काल चुकीचं सांगितलं. पाच होते.”

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही.

“वहीत काय लिहिलंस?” तिने विचारले.

“पाच.”

“मग असू दे,” आई म्हणाली. “खोडू नकोस.”