मुलगा म्हणतोय, एसी मेकॅनिक व्हायचंय

एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की आपण एसीवाल्याला दिवसातून चार वेळा फोन करतो. तो येईपर्यंत गॅलरीत उभं राहून वाट बघतो. पण आपल्याच घरातला मुलगा ‘मला एसीचं काम शिकायचंय’ असं म्हणाला तर? आमच्या घरात हे वाक्य उच्चारलं गेलं, तेव्हा दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही.

माझा धाकटा भाऊ यंदा कॉमर्समधून बारावी झाला. बी.कॉम. आणि मग बँकेच्या परीक्षा, असं बाबांनी मनाशी ठरवलेलं. त्याने मात्र आयटीआयचं नाव घेतलं. ट्रेड कोणता, तर ‘रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन’. आम्ही वडोदऱ्यातलं मराठी कुटुंब. पणजोबा सयाजीरावांच्या काळात कारकून म्हणून इथे आले, तेव्हापासून घरात सगळ्यांनी टेबल-खुर्चीचंच काम केलं. मीसुद्धा इंग्रजीत बी.ए. करून कॉन्टेंट रायटर झाले. माहिती शोधणं हे माझं रोजचंच काम, म्हणून बाबा मला म्हणाले, “तूच बघ काय ते, आणि समजाव त्याला.”

मग महिनाभर मी वाचत होते, विचारत होते. आयटीआयमध्ये जाऊन आले. आमच्या भागातल्या एसीवाल्या काकांना विनंती केली आणि भावाबरोबर चार रविवार त्यांच्यामागे फिरले. तुमच्या घरातही असा प्रश्न उभा असेल, तर मला जे कळलं ते तुमच्या उपयोगी पडेल.

काम नेमकं काय असतं?

पहिल्याच रविवारी एका घरात एसी गार करत नव्हता. आधी येऊन गेलेल्या माणसाने ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असं सांगितलं होतं. काकांनी गॅसला हातच लावला नाही. बाहेरच्या युनिटची जाळी उघडली, तर कॉइलवर धूळ आणि कबुतरांच्या पिसांचा थर. तो पाण्याने धुतला, कपॅसिटर तपासून बदलला आणि अर्ध्या तासात खोली गार.

खाली उतरताना ते भावाला म्हणाले, “बघ बेटा, गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नाही, वापरून संपायला. तो पाइपातून गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा माणूस दोन महिन्यांनी पुन्हा पैसे घ्यायला येतो.”

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात कामी येईल.

एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या कॉइलमध्ये द्रव गॅसची वाफ होते आणि ती होताना खोलीतली उष्णता शोषली जाते. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून बाहेरच्या कॉइलमध्ये ढकलतो, तिथे उष्णता बाहेर पडते आणि पुन्हा द्रव होतो. मग बारीक नळीतून जाताना त्याचा दाब उतरतो आणि चक्र पुन्हा सुरू. आपण ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो, तेव्हा तो टन वजनाचा नसतो. एक टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचण्याची ती ताकद. एसी येण्याआधी गारवा बर्फाच्या लाद्यांवर मोजला जायचा, तेच माप आजही चालू आहे.

भावाला हे सगळं भराभर समजत होतं. अकाउंट्सच्या वहीपुढे जांभया देणारा मुलगा गेजवरचा काटा बघून दाब सांगत होता.

हे काम टिकेल का?

बाबांचा हा पहिला प्रश्न होता आणि तो रास्त होता. ज्या कामासाठी कोणीतरी प्रत्यक्ष घरी येऊन नट आवळावा लागतो, ते काम संगणकावरून होत नाही. माझ्या लिखाणाच्या क्षेत्रात गेल्या दोन-तीन वर्षांत काय झालंय ते मी रोज बघते. त्यामुळे हा मुद्दा मला बाबांपेक्षा लवकर पटला.

शिवाय हा विषय घरातल्या एसीपुरता नाही. आमच्या शेजारच्या आणंद जिल्ह्यात गावोगावच्या डेऱ्यांमध्ये दूध गोळा झालं की ते ४ अंशांपर्यंत गार करतात, तरच ते टिकतं. नाशिकची द्राक्षं परदेशी जाण्याआधी प्री-कूलिंगमधून जातात. आपल्या बाळाला मिळणाऱ्या बहुतेक लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि हे लशींचे फ्रिज दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना शिकवणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात आहे. हॉस्पिटल, औषध कारखाने, सर्व्हर रूम, मॉल, मेट्रो, आइस्क्रीमची दुकानं, सगळीकडे हीच विद्या लागते.

सरकारनेही याची दखल घेतली आहे. २०१९ मध्ये आलेल्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. त्यामागे कारण आहे. जुना आर-२२ गॅस ओझोनच्या थराला घातक, म्हणून तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. त्याच्या जागी आलेला आर-३२ थोडासा ज्वालाग्राही आहे. काही एसींमध्ये आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊच. तो पर्यावरणाला चांगला, पण न शिकलेल्या माणसाने त्याच्याजवळ टॉर्च पेटवली तर भडका उडेल. आणि आर-३२ सुद्धा कायमचा नाही. किगाली करारानुसार अशा एचएफसी गॅसचा वापर भारत २०३२ पासून कमी करत जाणार आहे, २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी. म्हणजे आज शिकणाऱ्या मुलाला नोकरीच्या काळात एक-दोनदा तरी नव्याने शिकावं लागेल. बघून बघून हात बसलेला मेकॅनिक तिथे अडतो. ज्याला कारण माहीत आहे, तो पुढे जातो.

ऊन, उंची आणि कमाई

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर तुमची फसवणूक होईल.

तिसऱ्या रविवारी चौथ्या मजल्यावर काम होतं. बाहेरचं युनिट छज्जाच्या टोकाला बसवलेलं. काकांचा मदतनीस, माझ्या भावाच्याच वयाचा, खिडकीतून बाहेर उतरला. कमरेला काही नाही. एक हात ग्रिलला, दुसऱ्या हातात पाना. मी खाली बघितलं आणि माझे पाय गार पडले. भाऊही गप्प झाला. काकांना बेल्टबद्दल विचारलं, तर म्हणाले, “गाडीत आहे. पण बेल्ट बांधायला दहा मिनिटं जातात, आणि उन्हाळ्यात दिवसाला आठ-आठ कॉल असतात.”

या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका हाच. उंचीवरून पडणं. त्यानंतर विजेचा झटका, कारण स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते. पत्र्याच्या धारेने हात कापतात. सगळे सावलीत असतात तेव्हा हा माणूस गच्चीवर असतो, कारण त्याचा हंगामच उन्हाळ्याचा. घरातले लोक आंबरसाला बसतात तेव्हा याचं जेवण चार वाजता डब्यातून.

कमाईसुद्धा त्याच लाटेवर. मार्च ते जून पैसा येतो आणि पावसाळ्यात फोन शांत होतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लागलं तर महिन्याचा पगार असतो. स्वतःचं काम केलं तर मिळकत जास्त, पण अवजारं, गाडी आणि उधारी आपल्या डोक्यावर. काकांनी यातून वाट काढली आहे. दुकानं, दवाखाने, छोटी ऑफिसं यांच्याशी ते वर्षभराच्या देखभालीचे करार करतात. शिवाय फ्रिज आणि डीप फ्रीझरचं कामही घेतात, म्हणून थंडीतही त्यांची चूल पेटते. धाकटा भाऊ किंवा मुलगा या धंद्यात जाणार असेल, तर पैशाचा हिशेब वर्षाचा मांडा, मे महिन्याचा नको.

शिकायचं कुठे?

आयटीआयचा हा कोर्स दोन वर्षांचा असतो. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी पास असलं की अर्ज करता येतो, बारावीची अट नाही. सरकारी आयटीआयची फी खासगी कॉलेजच्या मानाने फारच कमी असते. शेवटी देशपातळीवरची परीक्षा होऊन नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं, आणि ते कोणत्याही राज्यात चालतं. त्यानंतर स्टायपेंडसह अप्रेंटिसशिप करता येते. पुढे शिकायचं असेल तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची सोय आहे. म्हणजे ‘आयटीआय केलं की शिक्षण संपलं’ ही आमच्या मावशीची समजूत खरी नाही. आणि हो, मुलींनाही हा ट्रेड घेता येतो.

प्रवेश घेण्याआधी वर्कशॉप बघून या. एक प्रश्न मुद्दाम विचारा, “मुलं व्हॅक्यूम पंप स्वतः लावतात का?” नवा एसी बसवताना पाइप जोडले की आतली हवा आणि ओलावा पंपाने काढून टाकावा लागतो. घाईतला माणूस पाइपातून थोडा गॅस फुसकन सोडतो आणि झालं म्हणतो. आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून हळूहळू कॉम्प्रेसर खातो. जिथे मुलांना हे काम स्वतःच्या हाताने करायला मिळतं, तिथे ती शिकतात. जिथे पंप कपाटात कुलूपबंद असतो, तिथे फक्त सर्टिफिकेट मिळतं.

राहिला प्रश्न मानाचा

एका सोसायटीत वॉचमनने काकांना लिफ्ट वापरू दिली नाही. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन ते पाच मजले चढले. भाऊ त्यांच्यामागे, मी त्याच्यामागे. वर गेल्यावर त्या घरातल्या आजींनी मात्र आधी पाणी दिलं, पंखा लावला आणि ‘बसा दोन मिनिटं’ म्हणाल्या. या कामात दोन्ही प्रकारची माणसं भेटणार.

बाबांना मी एक गोष्ट आठवण करून दिली. ज्या सयाजीरावांमुळे आपलं घराणं इथे आलं, त्यांनीच १८९० मध्ये या शहरात कलाभवन सुरू केलं. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवायला. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे त्याचंच विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज झालं. ती इमारत आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, पण आत जे शिकवलं जायचं ते आपल्या मुलाने शिकावं असं आपल्याला वाटत नाही. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावाला विचारलं, “अर्जाची शेवटची तारीख कधी आहे रे?”

तुमच्या घरात हा विषय निघाला तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. फॉर्म भरण्याआधी मुलाला चार दिवस एखाद्या चांगल्या मेकॅनिकबरोबर फिरू द्या, तेही भर उन्हाळ्यात. चौथ्या दिवशीही तो सकाळी स्वतःहून उठला, तर पुढचं बोला. गॅस, वीज, उंची यांची भीती त्याला वाटते का तेही बघा, कारण थोडी भीती असलेलाच मुलगा बेल्ट बांधतो.

आमच्या भावाने अर्ज भरला आहे. बाबा नातेवाइकांना सध्या ‘टेक्निकलला घातलाय’ एवढंच सांगतात. आईची अट मात्र एकच आहे. सेफ्टी बेल्ट ती स्वतः दुकानात जाऊन, ओढून बघून घेणार आहे, आणि दहा मिनिटं वाया जातात ही सबब या घरात चालणार नाही, हे तिने त्याला आत्ताच बजावलं आहे.