खाटा, धुराडी आणि कापूस

लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाला, २७ जुलै २०१२ च्या रात्री, मी मैदानात होते ती खाट ढकलायला. दिग्दर्शक डॅनी बॉइलने कार्यक्रमाचा एक अख्खा भाग ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला, एनएचएसला दिला होता आणि त्यात नाचायला त्याला खरेखुरे कर्मचारी हवे होते. मी इथल्या एका रुग्णालयात नर्स. नाव दिलं, निवड झाली.

तालमी डॅगनमला, उघड्यावर. पाऊस असायचाच. माझ्या आजूबाजूला केरळच्या, फिलिपिन्सच्या, घानाच्या, आयर्लंडच्या नर्सेस, काही डॉक्टर, काही पोर्टर. कानात यंत्र, त्यातून सतत आकडे. वॉर्डात खाट ढकलताना नजर पेशंटच्या चेहऱ्यावर असते. इथे कान आकड्यांवर आणि पाय स्विंगच्या ठेक्यावर. पहिले काही दिवस आम्ही सगळ्या सवयीने खाट थांबली की आधी ब्रेक लावायचो आणि ठेका निसटायचा. खाटा तीनशेच्या वर होत्या. त्यांवर मुलं उड्या मारणार, चादरी आतून उजळणार आणि वरून पाहणाऱ्याला त्यांतून अक्षरं दिसणार. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाचाही त्यात मान होता. ‘पीटर पॅन’चे हक्क जे. एम. बॅरी यांनी १९२९ साली याच रुग्णालयाला देऊन टाकले. म्हणून आधी जे. के. रोलिंग त्या पुस्तकातला उतारा वाचणार, मग गोष्टींतले खलनायक मुलांना भेडसावणार आणि त्यांना पळवून लावायला छत्र्या घेतलेल्या मेरी पॉपिन्स आकाशातून उतरणार.

राजवाडे आणि तोफा सोडून हा माणूस जगाला दवाखाना दाखवतोय, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्याच वर्षी मार्चमध्ये एनएचएसच्या फेररचनेचा कायदा झाला होता, आमच्यातले बरेच जण त्यावर चिडलेले होते. त्यामुळे कुणी बोललं नाही तरी त्या नाचात थोडी ईर्षा होतीच. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने समारंभ चालू असतानाच ट्विटरवर त्याला डावा म्हणून नाकं मुरडली.

आमच्या आधीचा भाग मी रंगीत तालमीत पाहिला. हिरवं कुरण, मेंढ्या, घोडे, क्रिकेट. मग अभियंता इसांबार्ड ब्रुनेलच्या वेषातला नट केनेथ ब्रॅना, तालवादक एव्हलिन ग्लेनीच्या मागे शेकडो ढोल, माणसं येऊन गवत गुंडाळून नेतात आणि जमिनीतून गिरण्यांची धुराडी वर येतात. त्या धुराड्यांपाशी मी अडकले. मी लालबागची. माझे बाबा साचेवाले, ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीत परत गेले नाहीत. धुराडं म्हणजे काय, ते मला बॉइलने शिकवायची गरज नव्हती. मुंबईच्या कित्येक गिरण्यांतली यंत्रं लँकेशायरहून आलेली. त्याआधी, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तेव्हा, लँकेशायरच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला आणि मुंबईत पैशांचा पूर आला. यातलं मैदानात काही नव्हतं. कॅरिबियन माणसांना घेऊन १९४८ च्या जूनमध्ये आलेलं ‘विंडरश’ जहाज होतं. ते टिलबरीला लागलं आणि दोनच आठवड्यांत एनएचएस सुरू झाली. पुढे त्या बेटांवरच्या कितीतरी बायकांनी इथले वॉर्ड सांभाळले. पण ही माणसं आधी कुणाच्या राज्यात होती, हा प्रश्न बॉइलने अलगद ओलांडला. कार्यक्रम मला मनापासून आवडला, आणि हे खटकलंही.

प्रत्यक्ष रात्री आमचा भाग कधी सुरू झाला आणि कधी संपला, कळलंच नाही. आकडे, दिवे, मुलांचा आरडाओरडा, बस्स.

भारतात समारंभ मध्यरात्रीनंतर दिसला. बाबा जागे होते. सकाळी फोनवर म्हणाले, “तू काही दिसली नाहीस, पण खाटा झकास फिरवल्यात. ती धुराडीही बरोबर होती. आपली पाडली, ह्यांनी खोटी उभारली. कापूस मात्र कुठे आला नाही.”

“बाबा, तीन-चार तासांत सगळं कसं बसवणार?”

“का? राणीला हेलिकॉप्टरातून उडी मारायला वेळ होता की!”