वीस ते ऐंशीच्या दरम्यान

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये पाच महिने मुलीकडे न्यू जर्सीला होते. परत आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये, ती सांगून टाकते. गोष्ट बेसबॉलची आहे, पण दचकू नका. मलाही त्यातलं फारसं कळत नाही...

नातू पंधरा वर्षांचा. शाळेतून आला की खातो आणि लॅपटॉप उघडून बसतो. मला वाटायचं, गेम म्हणजे धडाधड गोळीबार असणार. एक दिवस चष्मा लावून शेजारी बसले, तर पडद्यावर नुसते आकडे! रकानेच्या रकाने. मला एकदम आमचं वार्षिक निकालपत्रकच आठवलं.

'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' असं त्या खेळाचं नाव. १९९९ पासून आहे म्हणे. यात आपण बॉल टाकायचा नाही की बॅट फिरवायची नाही. संघ चालवायचा. नातवाच्या लीगमध्ये प्रत्येक संघामागे कुठेतरी एक खराखुरा माणूस बसलेला आहे. कोणाला घ्यायचं, कोणाला वर चढवायचं, कोणाला काढायचं हे ज्याने त्याने ठरवून पाठवायचं. मग लीगचा प्रमुख ठरलेल्या दिवशी कॉम्प्युटरकडून पुढचे सामने खेळवून घेतो आणि निकाल येतात. खेळाडू सगळे काल्पनिक. पण त्यांच्या दुखापतींनी आमच्या घरात जेवणं थंड होत.

प्रत्येक खेळाडूपुढे दोन प्रकारचे आकडे असतात. आज तो कसा आहे, आणि पुढे किती होऊ शकेल. दुसऱ्याला 'पोटेन्शियल' म्हणतात. हे आकडे २० ते ८० मध्ये. मी म्हटलं, "शंभरपैकी का नाहीत रे?" तर म्हणाला, खऱ्या बेसबॉलमध्येही खेळाडू हेरणारे स्काऊट असेच मार्क देतात. ५० म्हणजे सर्वात वरच्या लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. ८० अगदी विरळा.

"आणि हा पुढचा आकडा कोण ठरवतं?"

"आपला स्काऊट. खरा आकडा कॉम्प्युटरच्या पोटात असतो, तो कोणालाच दिसत नाही. स्काऊट फक्त अंदाज सांगतो. पोरगा लहान असला की अंदाज जास्त चुकतो. आणि तो खरा आकडा पण बदलत राहतो, आजी. दुखापत झाली, कोच चांगला मिळाला, पोरगा मेहनती असला... आणि नुसतं नशीब पण घातलंय त्यात."

मला हे फार आवडलं. खेळ बनवणाऱ्याने कधीतरी मास्तरकी केली असावी असं वाटलं.

त्याच्या संघात एकोणीस वर्षांचा एक डावखुरा पिचर होता. घेतला तेव्हा पोटेन्शियल ६०. मग कोपराची दुखापत झाली, वर्ष वाया गेलं, आणि स्काऊटचा नवा अहवाल आला, ३५. नातू त्याला काढून टाकायला निघाला.

मी म्हटलं, "अरे, थांब जरा. खेळू दे की त्याला."

"आजी, जागा मोजक्याच असतात. याला बॉलिंग दिली तर ६० वाल्याचं नुकसान. पोरं खेळली तरच वाढतात."

"आणि ज्याला खेळायला मिळत नाही तो?"

"तो तिथेच राहतो. मग त्याला काढतात."

तो सहज बोलून गेला. मी मात्र उठून गॅलरीत जाऊन बसले.

१९८७ सालची गोष्ट. नववीची मी वर्गशिक्षिका, वर्गात चोपन्न मुलं. त्यातल्या एकाला गणितात दोन्ही सत्रांत विसाच्या आसपास मार्क. माझे विषय मराठी आणि इतिहास, गणित नव्हेच. पण प्रगतिपुस्तकात शेरा मी लिहायचा. मी लिहिलं, 'गणितात गती नाही.' तीन शब्द जुळवायला वेळही लागला नाही, पुढे त्रेपन्न पुस्तकं पडली होती. वडील भेटायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. पुढच्या वर्षी बोर्डात येऊ शकतील अशा मुलांना पुढच्या बाकांवर आणलं आणि हा मागे गेला. मागे गेलेल्याला फळ्यापाशी कोण बोलावतं? नववीनंतर त्याने शाळा सोडली. मला तेव्हा आपला अंदाज बरोबर ठरल्यासारखंच वाटलं होतं, हे आज लिहायला जड जातं आहे.

२०१८ मध्ये घरची पाण्याची मोटार जळाली, ती घेऊन रिवाइंडिंगच्या दुकानात गेले. "बाई, ओळखलंत का?" तोच. केस पांढरे झालेले. त्याने मोटार उघडली, खाचा मोजल्या, तारेची जाडी मापली, आणि वेढे किती बसतील, तांबं किती लागेल, खर्च किती येईल ते तोंडी सांगून मोकळा. ना कागद, ना कॅल्क्युलेटर.

मी म्हटलं, "अरे, हे गणितच की!"

तो हसला. "छे हो बाई, गणित कुठलं! गणितात मला गती नाही. तुम्हीच नव्हतं का लिहिलं?"

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर बरं झालं असतं. एकतीस वर्षं त्याने ते तीन शब्द जसेच्या तसे सांभाळले होते.

हे मी नातवाला सांगितलं. त्याने माझी समजूत काढायला खरी उदाहरणं दिली. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये सर्वात पहिला निवडलेला ब्रायन टेलर नावाचा पिचर. त्याचा खांदा दुखावला आणि तो वरच्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. उलट माइक पियाझा १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १३९० वा निवडला गेला, आणि २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. "मग त्याला घेतलं तरी कसं?" मी विचारलं. तर संघाचे मॅनेजर टॉमी लासोर्डा हे त्याच्या वडिलांचे मित्र! म्हणजे वशिला. पण त्या वशिल्याने त्याला मार्क मिळाले नाहीत, मैदान मिळालं. पुढचं त्याने स्वतः केलं. माझ्या विद्यार्थ्याला कोणी लासोर्डा नव्हता. व्हायचं तर मीच व्हायला हवं होतं.

खेळात निदान खरा आकडा यंत्राच्या पोटात कुठेतरी असतो. स्काऊट चुकला तरी एका खऱ्या गोष्टीबद्दल चुकतो. मुलांच्या बाबतीत असा आकडा कुठे लिहिलेला असतो का? मला वाटतं, नसतो. आपणच अंदाज करतो, अंदाजाप्रमाणे बाक देतो, आणि बाकाप्रमाणे मूल घडलं की म्हणतो, बघा, मी सांगितलं नव्हतं?

असो. परवा फोनवर नातवाला डावखुऱ्याची चौकशी केली.

"आहे अजून. ३५ च आहे आजी, वाढला नाही. पण रिलीव्हर केलाय त्याला. शेवटी शेवटी थोडी थोडी बॉलिंग देतो."

बरं वाटलं.

मला आता एकदा त्या दुकानात जायचं आहे. शेरा खोडता येत नाही, पण तो चुकीचा होता एवढं तरी लिहिणाऱ्या हाताने जाऊन सांगायला हवं. अडचण एवढीच, की त्याने भरलेली मोटार अजून ठणठणीत चालते आहे. निमित्त सापडत नाहीये...

बहुतेक निमित्ताशिवायच जाईन.