उंबरखिंड आणि जांभुळखेडा

परवा नातू म्हणाला, "आबाजी, लढाईची गोष्ट सांगा ना." शाळेत असताना माझी हुकमी गोष्ट एकच, उंबरखिंडीची. फळ्यावर खडूने खिंड काढायचो आणि मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकायची.

फेब्रुवारी १६६१. कारतलबखान मोठी फौज आणि सामानसुमान घेऊन कोकणात उतरत होता. वाट अरुंद, दोन्ही अंगांना दाट जंगल. जंगलात मावळे दबा धरून बसलेले. फौज आत शिरली आणि पुढची वाट बंद, मागचीही बंद! सोबत माहूरची रायबाघन होती. तिने खानाला शरण जायला सांगितले. इथे वर्गात हमखास टाळ्या पडायच्या.

१ मे २०१९ ला मात्र ही गोष्ट माझ्या घशात अडकली. महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन करून घरी आलो होतो. दुपारी बातमी आली. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यात, दादापूरला, रात्री नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती. तिकडे निघालेल्या पोलीस जवानांची खासगी गाडी जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यात आपल्या भंडारा जिल्ह्यातली पोरंही होती. लाखांदूर, वडसा, कुरखेडा या रस्त्याने आपण लग्नांना जातो हो!

त्या रात्री झोप आली नाही. शत्रू कुठल्या वाटेने येणार ते हेरायचे आणि दबा धरून बसायचे. डाव तोच. इतकी वर्षे मी तो डोंगरावरून पाहत, शिकवत आलो. खिंडीत उतरलेल्या माणसांच्या बाजूने एकदाही पाहिले नाही.

नातवाने विचारले, "खानाची माणसं मेली का?"

"काही मेली. खान शरण आला, तेव्हा महाराजांनी बाकीच्यांना सामान ठेवून जिवंत जाऊ दिलं."

हे वाक्य पूर्वी मी घाईत उरकायचो. आता तिथेच थांबतो. भूसुरुंगाला शरण जाता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवून आला, तेव्हाही मला हेच वाक्य आठवले होते.

"मग ते घरी गेले?" नातवाचा पुढचा प्रश्न.

"हो बाळा, गेले."

जांभुळखेड्याची गोष्ट अजून त्याला सांगितलेली नाही. थोडा मोठा झाला की सांगेन.